कॅम्पसाइटवरचा विजेचा मीटर: दर वाचण्यापासून हिशेब चुकता करेपर्यंत

कॅरव्हान (कारमागे ओढायची घरगाडी) किंवा मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेली घरगाडी) घेऊन युरोपात फिरणाऱ्याला कॅम्पसाइटवरच्या विजेचे पैसे तीन तऱ्हांनी द्यावे लागतात. काही ठिकाणी वीज जागेच्या भाड्यातच धरलेली असते. काही ठिकाणी दिवसाला ठरावीक आकार असतो, मग तुम्ही एक फोन चार्ज करा नाहीतर रात्रभर हीटर लावा. तिसरी तऱ्हा मीटरची: जेवढी युनिटं वापराल तेवढे पैसे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि आल्प्सच्या आसपास ही पद्धत पूर्वीपासून रुळलेली आहे. २०२२ मध्ये युरोपात विजेचे दर भडकल्यानंतर इतरत्रही अनेक कॅम्पसाइट्स तिच्याकडे वळल्या.

मला तिन्हींत मीटरचीच पद्धत न्याय्य वाटते. छतावर सोलर पॅनेल लावून काटकसरीने राहणाऱ्याने शेजारच्याच्या एअर कंडिशनरचे पैसे का भरावेत? पण मीटर न्याय्य ठरतो तो पैसे देणाऱ्याला वाचता येत असेल तरच. अनेक जण प्लग लावतात, दोन दिवस राहतात आणि निघताना काउंटरवर सांगितलेला आकडा मुकाट्याने भरतात. तो आकडा बरोबर आहे की नाही, आणि तो कमी करता आला असता का, हे दोन्ही ठरवायला फार कष्ट पडत नाहीत. पुढे ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: दरपत्रक नीट वाचा

बुकिंग करताना ‘वीज वापरानुसार’ एवढंच लिहिलेलं दिसलं तर तिथे थांबू नका. प्रति युनिट दर किती, हा पहिला प्रश्न. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास: हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. दुसरा प्रश्न, युनिटच्या दराव्यतिरिक्त जोडणीचा वेगळा आकार आहे का. जर्मन भाषिक भागात असा एकदाच घेतला जाणारा आकार बऱ्याच ठिकाणी असतो. एका रात्रीसाठी थांबणाऱ्याला तोच जड जातो, आठवडाभर राहणाऱ्याला तो जाणवतही नाही. तिसरा प्रश्न, किमान आकार आहे का. काही जागी तुम्ही अर्धं युनिट वापरलं तरी ठरावीक युनिटांचे पैसे द्यावे लागतात.

मिश्र पद्धतही आढळते. दिवसाला काही युनिटं भाड्यात, त्यापुढची मीटरने. इथे एक गोष्ट विचारून घ्यावी: मोफत युनिटं रोजच्या रोज मोजतात की पूर्ण मुक्कामाची मिळून? रोजची मर्यादा असेल तर थंडीच्या एका दिवसात ती ओलांडली जाते आणि पुढच्या उबदार दिवसात वाचलेली युनिटं उपयोगाला येत नाहीत.

एका रात्रीचाच मुक्काम असेल, बॅटरी भरलेली असेल आणि हवा चांगली असेल, तर वीज न घेण्याचा पर्यायही खुला ठेवा. जोडणीचा आकार आणि किमान आकार मिळून जेवढे होतात, त्याच्या बदल्यात तुम्हाला फक्त दिवे आणि फोन चालवायचे असतील तर तो सौदा वाईट आहे.

दुसरी पायरी: पैसे घेण्याची यंत्रणा ओळखा

यंत्रणेचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाची खोच वेगळी आहे.

सर्वांत साधी पद्धत म्हणजे जागेजवळच्या वीज जोडणीच्या खांबावरच्या मीटरचं रीडिंग येताना आणि जाताना घ्यायचं आणि फरकाचे पैसे काउंटरवर भरायचे. यात उधारी कॅम्पसाइटची असते, तुमचे पैसे आधी अडकत नाहीत, वीज मध्यरात्री अचानक जात नाही. निवडायला मिळाली तर मी हीच पद्धत निवडतो.

नाण्यांचा मीटर मोटरहोमच्या थांब्यांवर जास्त दिसतो, विशेषतः जिथे माणूस नसतो तिथे. नाणं टाकायचं, तेवढी वीज मिळते, संपली की बंद. इथे सर्वांत आधी एक गोष्ट पाहा: नाण्याला युनिटं मिळतात की तास? दोन्ही प्रकार आहेत आणि दोन्हींत वागायचं उलट. समजा एका ठिकाणी एक युरोला दोन युनिटं मिळतात आणि दुसऱ्या ठिकाणी एक युरोला बारा तास. तुमचा फक्त १५० वॅटचा फ्रिज चालू असेल तर बारा तासांत १.८ युनिटं लागतील, म्हणजे दोन्हीकडे खर्च जवळपास सारखाच. पण तुम्ही हजार वॅटचा हीटर बारा तास चालवला तर युनिटांच्या मीटरवर सहा युरो जातील आणि तासांच्या मीटरवर एकच. तेव्हा तासांचा मीटर असेल तर पाणी तापवणं, बॅटरी चार्ज करणं, गाडी उबदार करणं ही सगळी जड कामं त्या वेळेत उरकून घ्या. युनिटांचा असेल तर यातली तापवण्याची कामं गॅसवर ढकला.

नाण्यांच्या मीटरमध्ये उरलेली रक्कम सहसा परत मिळत नाही. म्हणून सुरुवातीलाच मूठभर नाणी कोंबू नका. आधी एक टाका, दोन-तीन तासांनी किती उरलं ते पाहा आणि मग रात्रीचा अंदाज बांधा. शिवाय एका खांबावर चार सॉकेट असतील तर नाणं टाकण्याआधी आपलं सॉकेट बटणाने निवडावं लागतं. हे न पाहता नाणं टाकलं तर शेजाऱ्याला वीज मिळते. गाडीत नाण्यांची वेगळी डबी असावी, आणि तीत यंत्र कोणती नाणी घेतं त्याप्रमाणे ५० सेंट, एक आणि दोन युरो अशी सगळी असावीत. संध्याकाळी सातनंतर सुटे मिळवायला जाणं फार त्रासाचं असतं.

टोकनचा प्रकार असाच, फक्त टोकन काउंटरवरून, पर्यटन कार्यालयातून किंवा गावातल्या एखाद्या दुकानातून घ्यावं लागतं. खांबाजवळच्या पाटीवर ते कुठे मिळतं हे लिहिलेलं असतं. रविवारी दुपारी पोचणार असाल तर ही पाटी आल्याआल्या वाचा.

प्रीपेड कार्ड किंवा चकती अनामत घेऊन देतात. ती खांबाला टेकवली की तुमचं सॉकेट सुरू होतं आणि शिल्लक कमी होत जाते. निघताना पुन्हा टेकवून व्यवहार बंद करावा लागतो का, हे विचारा. अनेक यंत्रणांत ते केलं नाही तर उरलेली रक्कम मोकळी होत नाही, आणि प्लग काढून तुम्ही गेल्यावर दुसऱ्या कुणी त्याच सॉकेटवर वीज वापरण्याचा धोकाही राहतो. अनामत परत देणारं काउंटर कधी उघडतं हेही त्याच वेळी विचारून ठेवा. सकाळी सहाला निघायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच हिशेब मिटवण्याची व्यवस्था करावी लागते.

आणि आता ॲप. क्यूआर कोड स्कॅन करायचा, कार्डाचा तपशील द्यायचा, सॉकेट सुरू होतं. सोय उत्तम आहे, पण सुरुवातीला कार्डावर वापरापेक्षा मोठी रक्कम अडवून ठेवली जाऊ शकते आणि ती मोकळी व्हायला काही दिवस लागतात. प्रवासात कमी मर्यादेचं कार्ड वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कोडवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं दिसलं तर तो स्कॅन करू नका. खांबावर लिहिलेलं ॲपचं नाव शोधून थेट अधिकृत ठिकाणाहून ते उतरवा. दरीत, जंगलात नेटवर्क नसतं, त्यामुळे ॲप आणि खातं आधीच तयार असलेलं बरं.

तिसरी पायरी: प्लग लावण्याआधी रीडिंग

हे या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे आणि याला एक मिनिट लागतं. प्लग लावण्याआधी मीटरचा फोटो काढा. फोटोत तीन गोष्टी स्पष्ट दिसायला हव्यात: आकडा, मीटरचा क्रमांक आणि जागेचा क्रमांक. एका फोटोत मावत नसेल तर दोन काढा. तुमच्या आधीच्या पाहुण्याने रात्रभर हीटर लावला होता आणि त्याचं शेवटचं रीडिंग कुणी घेतलंच नाही, तर तो फरक तुमच्या नावावर पडतो. फोटो असेल तर वादाला जागाच उरत नाही.

आकडा वाचताना दशांश चिन्ह शोधा. जुन्या, फिरत्या चकतीच्या मीटरमध्ये शेवटचा अंक लाल रंगात किंवा लाल चौकटीत असतो. तो युनिटाचा दहावा भाग असतो, पूर्ण युनिट नसतं. घाईत असलेल्या कर्मचाऱ्याने तो अंक धरून आकडा लिहिला तर बिल थेट दहापट होतं. डिजिटल मीटरवर कधी कधी पडदा आळीपाळीने वेगवेगळे आकडे दाखवतो: व्होल्टेज, त्या क्षणीचे वॅट, एकूण युनिटं. ज्या आकड्याशेजारी केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे किलोवॅट-तास) दिसतं तोच घ्या.

मीटर बंद पेटीत असेल आणि दिसत नसेल, तर कर्मचाऱ्याला ती उघडून दाखवायला सांगा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. जे मोजून पैसे घेतात त्यांनी मोजमाप दाखवावं, ही अपेक्षा रास्त आहे.

चौथी पायरी: केबल

निळा, तीन पिनांचा, १६ अँपिअरचा औद्योगिक प्लग युरोपभर चालतो. जुन्या कॅम्पसाइट्सवर मात्र घरगुती सॉकेट आढळतात, त्यासाठी अ‍ॅडॅप्टर जवळ असावा. केबल २.५ चौरस मिलिमीटरची, रबरी आवरणाची, २५ मीटरपर्यंत. आधी गाडीच्या बाजूचं टोक जोडा, मग खांबाचं. काढताना उलट क्रम. ब्रिटनमधल्या बऱ्याच खांबांवर प्लग आत ढकलून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्याशिवाय वीज सुरू होत नाही, आणि काढताना लाल बटण दाबावं लागतं. ‘वीजच येत नाही’ अशा कित्येक तक्रारींचं मूळ एवढंच असतं.

केबल रिळावर असेल तर ती पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलमधली उष्णता बाहेर पडत नाही आणि हीटरसारखा जड भार असेल तर आवरण वितळून आग लागू शकते. गवतावर पसरलेली केबल कुरूप दिसते म्हणून ती गुंडाळून ठेवणारे लोक मी पाहतो तेव्हा मला खरोखर भीती वाटते.

पाचवी पायरी: मीटर आपलाच आहे ना, आणि खरा चालतो ना

गाडीतला मुख्य स्विच बंद करा आणि प्लग लावून मीटर पाहा. डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो, वीज वापरली जाते तेव्हा तो लुकलुकतो. जुन्या मीटरची चकती फिरते. तुमचा स्विच बंद असताना तो दिवा लुकलुकत असेल, तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाची तरी वीज मोजली जात आहे, किंवा तुम्ही पाहता तो मीटर तुमच्या सॉकेटचा नाही. चार सॉकेट आणि चार मीटर एकाच पेटीत असतात, त्यांवरचे क्रमांक पुसट झालेले असतात, तिथे ही गफलत सहज होते.

आता स्विच चालू करून किटली लावा. दिव्याशेजारी एक आकडा लिहिलेला असतो, बऱ्याचदा १०००. त्याचा अर्थ एका युनिटमागे दिवा हजार वेळा लुकलुकतो. अशा मीटरवर ३६०० ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की त्या क्षणीचे वॅट मिळतात. हजार वॅटची किटली चालू असेल तर दिवा दर ३.६ सेकंदांनी लुकलुकायला हवा, म्हणजे दहा वेळांना ३६ सेकंद. फोनवरच्या घड्याळाने दहा लुकलुकी मोजा. आकडा ५-१० टक्क्यांनी इकडेतिकडे झाला तर चिंता नको, कारण व्होल्टेज कमी-जास्त असतं आणि किटलीवर लिहिलेले वॅट काटेकोर नसतात. फ्रिज आणि चार्जर या वेळेपुरते बंद ठेवा. पण किटली हजार वॅटची आणि मीटर दोन हजार दाखवतो, असं असेल तर लगेच काउंटरवर जाऊन जागा किंवा सॉकेट बदलून मागा. निघायच्या दिवशी ही तक्रार केली तर तिचा उपयोग कमी होतो.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार तपासलेल्या मीटरवर सीई (CE) या युरोपीय मान्यतेच्या खुणेजवळ चौकटीत ‘एम’ आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात. म्हणजे ‘एम १८’ असेल तर २०१८. जर्मनीत अशा मीटरची मुदतही ठरलेली आहे: इलेक्ट्रॉनिक मीटरला ८ वर्षं, फिरत्या चकतीच्या मीटरला १६. त्यानंतर तो बदलावा लागतो किंवा त्याची मुदत नियमानुसार वाढवून घ्यावी लागते.

सहावी पायरी: अँपिअर

मीटर आहे म्हणजे हवी तेवढी वीज एकाच वेळी ओढता येईल असा अर्थ होत नाही. खांबातला एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, सहसा ६, १० किंवा १६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला गुणलं की अनुक्रमे १३८०, २३०० आणि ३६८० वॅट. सहा अँपिअरच्या जागेवर हजार वॅटचा हीटर चालू असताना किटली लावली की वीज गेलीच. एमसीबी कुलूपबंद पेटीत असेल तर रात्री तो वर करणार कोण, हे दिवसाच विचारून ठेवा. विद्युत कार रात्रभर १६ अँपिअरने चार्ज केली तर तीस-पस्तीस युनिटं सहज लागतात, आणि बऱ्याच कॅम्पसाइट्सवर जागेच्या सॉकेटवर कार लावायला बंदी असते. परवानगीशिवाय ते करू नये.

सातवी पायरी: पैसे नेमके कुठे जातात

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण काटकसर करणारे लोक बहुधा चुकीच्या जागी काटकसर करतात. दिवे विझवत फिरणं, फोनचा चार्जर उपटून ठेवणं, टीव्ही न लावणं. एलईडी दिवे, फोन, लॅपटॉप, पाण्याचा पंप आणि संध्याकाळी तीन-चार तास छोटा टीव्ही, हे सगळं मिळून दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आत राहतं. पैसे जातात ते उष्णतेवर: तापवण्यावर आणि थंड करण्यावर.

फ्रिजपासून सुरुवात करू, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज आवाज करत नाही म्हणून लोकांना प्रिय आहे. पण त्याच्या आत एक विजेची तापवणारी कांडी असते, साधारण १२० ते १९० वॅटची, आणि ती बहुतेक वेळ चालूच राहते. दिवसाला अडीच ते साडेतीन युनिटं. घरचा मोठा फ्रिजसुद्धा सहसा एवढी वीज खात नाही. कॉम्प्रेसरचा फ्रिज त्याच कामाला अर्धं ते एक युनिट घेतो. तुमच्या गाडीत पहिल्या प्रकारचा फ्रिज असेल तर उन्हाळ्यातल्या बिलाचा मोठा वाटा त्याचाच समजा. गाडी अशी उभी करा की फ्रिजच्या बाहेरच्या जाळ्या सावलीच्या बाजूला येतील, आणि आत ठेवायच्या वस्तू आधीच थंड असतील असं पाहा.

पाण्याचा बॉयलर दहा लिटरचा असेल तर १५ अंशांवरचं पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त लागतं. एकदा तापवून वापरलं तर ठीक. दिवसभर चालू ठेवला तर तो स्वतःची हरवलेली उष्णता पुन्हा पुन्हा भरत बसतो. अंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी लावा, नंतर बंद करा. कॅम्पसाइटच्या स्नानगृहातलं गरम पाणी भाड्यात असेल तर बॉयलर लावूच नका.

किटलीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. कमी वॅटची किटली वीज वाचवते असं समजून लोक ती विकत घेतात. एक लिटर पाणी उकळायला सुमारे ०.११ युनिट लागतं, किटली ७५० वॅटची असो की २००० वॅटची. छोटी जास्त वेळ घेते एवढंच. कमी वॅटची किटली एमसीबी पडू देत नाही, आणि त्यासाठी ती घ्यावी. पैसे वाचवायचे असतील तर लागेल तेवढंच पाणी उकळा.

एअर कंडिशनर चालू असताना साधारण ६०० ते १००० वॅट घेतो. दुपारचे सहा तास म्हणजे चार-पाच युनिटं. रिकाम्या बॅटरीचाही हिशेब धरा: १०० अँपिअर-तासांची बॅटरी तळापासून भरायला मीटरवर साधारण दीड युनिट लागतं, म्हणून पहिल्या दिवसाचं रीडिंग नेहमी फुगलेलं दिसतं. वाटेत गाडी चालवताना ती भरून आली असेल तर हा खर्च वाचतो.

आणि हीटर. दोन हजार वॅटचा पंख्याचा हीटर तासाला दोन युनिटं घेतो. हजार वॅटवर आठ तासांची रात्र म्हणजे आठ युनिटं. उदाहरणापुरता युनिटाचा दर ६० सेंट धरला तर एका रात्रीचे ४ युरो ८० सेंट, तेही अर्ध्या ताकदीवर. तुमच्या बिलाचा खरा निर्णय इथे होतो.

आठवी पायरी: वीज की गॅस

यासाठी एक साधा भागाकार पुरतो. सिलिंडरमधल्या एक किलो प्रोपेन गॅसमध्ये साधारण १२.८ युनिटांएवढी उष्णता असते. हीटरमधली घट वजा जाता १२ धरा. म्हणून गॅसच्या किलोच्या दराला १२ ने भागा. जो आकडा येईल त्याहून कॅम्पसाइटची वीज महाग असेल तर गाडी गॅसवर उबदार करा, स्वस्त असेल तर विजेवर. समजा ११ किलोचा सिलिंडर तुम्हाला ३३ युरोला पडला, म्हणजे किलोला ३ युरो. भागिले १२ म्हणजे २५ सेंट. समोर ६० सेंटचा दर असेल तर विजेवर तापवणं दुपटीहून महाग आहे. द्रवरूप ऑटोगॅस (गाड्यांचा एलपीजी) लिटरने भरत असाल तर लिटरच्या दराला साधारण ६ ने भागा.

फ्रिजसाठी हाच भागाकार चालत नाही. गॅसवर चालताना त्याची बरीच उष्णता धुरांड्यातून निघून जाते. दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम गॅस आणि त्याच कामाला तीन युनिटांच्या आसपास वीज, असं प्रमाण पडतं. म्हणून फ्रिजसाठी किलोच्या दराला ८ ते ९ ने भागा. वरच्याच उदाहरणात ते ३३ ते ३७.५ सेंट होतात. म्हणजे युनिटाचा दर ३० सेंट असेल तर हीटर गॅसवर आणि फ्रिज विजेवर, असा मेळ फायद्याचा. मग फ्रिजचा स्विच स्वयंचलितवर ठेवू नका. खांबावर वीज दिसली की तो तीच पकडतो. काय वापरायचं ते हाताने निवडा.

पैशांपलीकडचाही विचार असतो. सिलिंडर बदलायला पहाटे थंडीत बाहेर जावं लागतं, परक्या देशात तुमचा सिलिंडर बदलून मिळेलच असं नसतं. तेव्हा थोडे जास्त पैसे देऊन विजेवर राहण्यात चूक नाही, फक्त किती जास्त ते माहीत असावं. आणि गॅस वाचवायचा किंवा वीज वाचवायची म्हणून स्वयंपाकाच्या शेगडीवर गाडी उबदार करू नका. शेगडीतून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म गाडीत असलाच पाहिजे.

नववी पायरी: हिवाळा वेगळा असतो

बर्फात दिवसाला तीस-पस्तीस युनिटांएवढी उष्णता लागू शकते. ११ किलोचा सिलिंडर तीन-चार दिवसांत संपतो तो यामुळेच. आल्प्समधल्या हिवाळी कॅम्पसाइट्सवर काही ठिकाणी जागेवर गॅसची नळीही असते आणि तिलाही मीटर असतो. तो घनमीटरमध्ये मोजत असेल तर एक घनमीटर प्रोपेन म्हणजे साधारण दोन किलो, असं धरून वरचाच भागाकार करा. सिलिंडर प्रोपेनचाच हवा. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणं थांबतं.

नाण्यांच्या किंवा प्रीपेड मीटरवर हिवाळ्यात फक्त विजेच्या हीटरवर विसंबून झोपू नये. रात्री तीनला शिल्लक संपली की गाडी थंड होत जाते, आणि बऱ्याच मोटरहोममध्ये बॉयलरला जो सुरक्षा झडप असतो तो ३ अंशांच्या आसपास उघडून सगळं पाणी जमिनीवर सोडून देतो. पाणी गोठून बॉयलर फुटू नये म्हणून तो तसा केलेला आहे. ज्या हीटरमध्ये गॅस आणि वीज दोन्ही आहेत तो मिश्र मोडवर ठेवला तर वीज गेल्यावर गॅसवर चालू राहतो. नुसत्या विजेच्या मोडवर तो बंद पडतो.

दहावी पायरी: निघताना

प्लग काढण्याआधी पुन्हा फोटो. मग आकडेमोड स्वतः करून काउंटरवर जा. येताना ४५१२.६ आणि जाताना ४५२१.९ असेल तर ९.३ युनिटं, ६० सेंटने ५ युरो ५८ सेंट, अधिक जोडणीचा आकार असल्यास तो. काही जागी ९.३ चे १० करतात. दरपत्रकात तसं लिहिलेलं असेल तर ठीक, नसेल तर विचारा. पावतीवर दोन्ही रीडिंग, युनिटं आणि दर वेगवेगळे लिहून मागा. ‘वीज’ असा एकच आकडा असलेली पावती नंतर तपासता येत नाही.

कर्मचारी सकाळी तुमच्या गैरहजेरीत रीडिंग घेऊन गेला असेल आणि तुम्ही त्यानंतर दोन तासांनी निघाला असाल, तर थोडा फरक राहील. तो तुमच्या बाजूचा असतो, त्यावर वाद घालायचं कारण नाही. उलट दिशेने असेल तर फोटो दाखवा. शांतपणे फोन पुढे केला की बहुतेक वेळा तिथेच दुरुस्ती होते.

दरच अवाजवी वाटला तर काय करता येतं हे देशावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये ऊर्जा नियामक ऑफजेमचा नियम २००३ पासून लागू आहे: घरगुती वापरासाठी वीज पुढे विकणाऱ्याने स्वतः पुरवठादाराला युनिटमागे जे दिले त्याहून जास्त घेता येत नाही. स्थिर आकाराचा वाटा तो ग्राहकांत विभागून घेऊ शकतो, आणि दर कसा काढला हे विचारलं तर त्याने सांगायला हवं. वीज भाड्यातच धरलेली असेल आणि वापरानुसार बदलत नसेल तर मात्र हा नियम लागू पडत नाही. युरोपात इतरत्र दर सहसा मालकच ठरवतो. त्यात खांब, केबल आणि मीटर यांचा खर्चही धरलेला असतो, त्यामुळे गावातल्या घरगुती दराशी तुलना करून भांडण्यात अर्थ नाही. जो दर लिहून लावलेला आहे तोच लावला का, एवढंच तपासा. दर कुठेच लिहिलेला नसेल तर प्लग लावण्याआधी तो लेखी मागा: काउंटरवरच्या कागदावर, नाहीतर ईमेलवर.